०.१८ मध्ये कोण मोजलं गेलं? लायबेरियातल्या शाळांवरचा एक शोधनिबंध

आफ्रिकी देशांतल्या शिक्षणाबद्दल चर्चा निघाली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "मुलं शाळेपर्यंत पोचतच नाहीत." दुसरं, "पोचली तरी शिकत नाहीत, कारण शाळांचं व्यवस्थापन ढिसाळ आहे." पहिला प्रश्न प्रवेशाचा, दुसरा कारभाराचा. धोरण ठरवणारे लोक या दोन प्रश्नांना दोन वेगळ्या फायलींमध्ये ठेवतात. संशोधकही बऱ्याचदा तेच करतात: एका निबंधात पटसंख्या, दुसऱ्यात गुण.

आज ज्या शोधनिबंधाबद्दल लिहितोय तो वाचताना या दोन फायली एकमेकींत अडकलेल्या दिसतात. मॉरिसिओ रोमेरो, जस्टिन सँडेफर आणि वेन सँडहोल्ट्झ या तिघांचा हा निबंध २०२० साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आला. विषय आहे, लायबेरियाने सरकारी शाळा खासगी संस्थांना चालवायला दिल्या त्याचं काय झालं. निबंध गाजला, त्यातला एक आकडा सगळीकडे फिरला. माझं एम.एस्सी. संख्याशास्त्रातलं असल्यामुळे मला असा फिरणारा आकडा दिसला की आधी तो कशातून निघाला ते बघायची सवय आहे. ते बघितल्यावर माझं मत असं झालं: प्रयोग उत्तम आहे, लेखकही प्रामाणिक आहेत, पण आकडा जे सांगतो असं लोकांना वाटतं ते तो सांगत नाही. का, ते सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधीच. 'आफ्रिका' म्हणजे ५४ देश. लायबेरियात जे दिसलं ते केनियात किंवा टांझानियात तसंच दिसेल असं नाही. म्हणून खाली जिथे दुसऱ्या देशाचं उदाहरण घेतलंय तिथे त्याचं नाव आणि कारण दोन्ही दिलं आहे.

लायबेरियाने काय केलं?

लायबेरिया हा पश्चिम आफ्रिकेतला छोटा देश. लोकसंख्या पुणे जिल्ह्याच्या साधारण निम्मी. १९८९ ते २००३ या काळात तिथे दोन यादवी युद्धं झाली. शाळांच्या इमारती गेल्या, शिक्षक परागंदा झाले, एका पिढीचं शिकणं अर्धवट राहिलं. गाडी जरा रुळावर येतेय तोवर २०१४ मध्ये इबोलाची साथ आली आणि शाळा कित्येक महिने बंद राहिल्या.

या पार्श्वभूमीवर २०१६ मध्ये शिक्षणमंत्री जॉर्ज वर्नर यांनी जाहीर केलं की सरकारी प्राथमिक शाळांचं व्यवस्थापन खासगी संस्थांकडे सोपवायचं. जगभर गदारोळ झाला. शिक्षणहक्कासाठीचे संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे विशेष प्रतिवेदक किशोर सिंग यांनी, सरकार आपली जबाबदारी दुसऱ्यावर ढकलतंय, अशी उघड टीका केली. मग योजना लहान करून ९३ शाळांपुरती ठेवली गेली. आठ संस्था निवडल्या. त्यात ब्रिज इंटरनॅशनल अकॅडमीज ही नफ्यासाठी शाळा चालवणारी मोठी कंपनी होती, बांगलादेशची ब्रॅक होती आणि काही अगदी छोट्या स्थानिक संस्थाही होत्या.

अटी साधारण अशा: शाळा सरकारचीच राहणार, इमारत सरकारची, शिक्षक सरकारी आणि पगारही सरकारी. मुलांकडून फी घ्यायची नाही. प्रवेश देताना मुलं निवडून घ्यायची नाहीत. संस्थेने शाळा चालवायची: वेळापत्रक, देखरेख, शिक्षकांचं प्रशिक्षण, पुस्तकं. त्यासाठी दर मुलामागे वर्षाला ५० डॉलर जादा. हे 'जादा' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रयोग कसा होता?

इथे लेखकांना पूर्ण गुण द्यायला हवेत. सरकारी योजना बहुतेक वेळा आधी सुरू होतात, मग कुणीतरी त्यांचं मूल्यमापन करतं. तोवर चांगल्या शाळा योजनेत आणि वाईट शाळा बाहेर अशी वाटणी होऊन गेलेली असते आणि तुलनेला अर्थ उरत नाही. इथे मात्र आधी सारख्या शाळांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतली कुठली शाळा संस्थेकडे जाणार हे चिठ्ठी टाकून ठरवलं. एकूण १८५ शाळा. त्यामुळे पुढे जो फरक दिसला तो योजनेमुळेच, असं छातीठोकपणे म्हणता येतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कुठल्या मुलांची चाचणी घ्यायची, हे लेखकांनी योजना सुरू होण्याआधीच्या पटावरून ठरवलं. म्हणजे आधीच्या वर्षी जी मुलं त्या शाळेत होती ती यादी पक्की केली आणि नंतर ती मुलं कुठेही गेली तरी, दुसऱ्या शाळेत गेली किंवा घरी बसली तरी, त्यांना शोधून त्यांचीच चाचणी घेतली. हे फार कष्टाचं काम असतं. पण त्याशिवाय एक जुनी पळवाट बंद होत नाही: कच्ची मुलं बाहेर काढायची, हुशार ठेवायची आणि 'आमच्या शाळेची सरासरी वाढली' म्हणायचं. या पद्धतीत काढून टाकलेलं मूलही त्याच शाळेच्या खात्यावर मोजलं जातं. काही शाळा तर संस्थांनी प्रत्यक्ष ताब्यात घेतल्याच नाहीत, त्याही हिशोबात धरल्या आहेत.

निकाल: एका वर्षानंतर योजनेतल्या शाळांची मुलं इंग्रजी आणि गणितात ०.१८ प्रमाण विचलनाने पुढे होती. अचानक भेट दिली तेव्हा शिक्षक शाळेत सापडण्याचं प्रमाण साध्या सरकारी शाळांत ४० टक्क्यांच्या आसपास होतं, योजनेतल्या शाळांत ते ६० टक्क्यांच्या आसपास गेलं.

०.१८ म्हणजे नक्की किती?

प्रमाण विचलन हे मुलांच्या गुणांमधल्या पसरटपणाचं माप. १०० मुलं गुणांनुसार ओळीत उभी केली आणि बरोब्बर मधल्या मुलाचे गुण ०.१८ प्रमाण विचलनाने वाढवले, तर ते ५० व्या जागेवरून साधारण ५७ व्या जागेवर जाईल. बरं आहे, चमत्कार नाही.

पण बातम्यांमध्ये हाच आकडा "शिकणं ६० टक्क्यांनी वाढलं" असा आला. हेही खोटं नाही. साध्या सरकारी शाळेतलं मूल वर्षभरात साधारण ०.३ प्रमाण विचलन एवढंच शिकत होतं. ०.३ वर ०.१८ म्हणजे ६० टक्के वाढ. गणित बरोबर, पण ऐकणाऱ्याचा समज वेगळा होतो. मूळचं शिकणं जितकं कमी, तितकी टक्केवारी मोठी दिसते. एखाद्याचा पगार ३०० रुपये असेल आणि १८० रुपये वाढले, तर वाढ ६० टक्के आहे, पण महिना तेवढ्यात निघणार नाही.

मराठी वाचकाला तुलनेसाठी एक जवळचा आकडा देतो. प्रथम संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांमध्ये 'बालसखी' कार्यक्रम चालवला होता. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच शिकलेली तरुणी रोज काही तास वेगळं बसवून शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचं चिठ्ठ्या टाकून मूल्यमापन केलं आणि २००७ मध्ये छापलं. दुसऱ्या वर्षी परिणाम ०.२८ होता, खर्च दर मुलामागे वर्षाला सव्वादोन डॉलरच्या आसपास. मुंबई आणि लायबेरियाची परिस्थिती एक नाही, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून पहिला-दुसरा नंबर काढू नये. पण ०.१८ हा आकडा ५० डॉलरला मिळतो म्हणजे काय, याचा अंदाज येतो.

पहिली हरकत: कारभार बदलला की पैसा वाढला?

निबंधाच्या शीर्षकात 'आउटसोर्सिंग' आहे, म्हणजे कारभार बाहेरच्या संस्थेकडे देणं. पण प्रयोगात नुसता कारभार बदललेला नाही. साध्या सरकारी शाळेत दर मुलामागे वर्षाला सुमारे ५० डॉलर खर्च होत होते. योजनेतल्या शाळांना त्यावर आणखी ५० मिळाले. पैसा सरळ दुप्पट. शिवाय शिक्षक जास्त मिळाले आणि नव्याने प्रशिक्षण घेऊन बाहेर पडलेल्यांमधून निवडायचा पहिला मानही या शाळांना मिळाला. आणि काही संस्थांनी देणगीदारांकडून आणखी पैसा आणून ओतला. ब्रिजचा पहिल्या वर्षीचा खर्च दर मुलामागे ६०० डॉलरच्या वर होता. त्यात सुरुवातीचा एकदाच होणारा खर्चही धरलेला आहे, हे खरं, पण ज्या देशात सरकार मुलामागे ५० डॉलर खर्च करतं तिथे हा आकडा दुसऱ्या जगातला आहे.

मग ०.१८ कशाचा? कारभाराचा, पैशाचा, की जादा शिक्षकांचा? हे वेगळं करायचं तर शाळांचा तिसरा गट हवा होता: पैसा आणि शिक्षक तेवढेच द्यायचे, पण कारभार सरकारकडेच ठेवायचा. तो गट या प्रयोगात नाही. लेखक निष्कर्षात शब्द जपून वापरतात: नवा पैसा वापरायचा हा एक किफायतशीर मार्ग दिसतो, असं म्हणतात. 'खासगी कारभार सरकारीपेक्षा चांगला' असं ते म्हणत नाहीत. हा फरक वाचणाऱ्यांनी गाळला.

इथे मी लेखकांच्या बाजूनेही एक मुद्दा मांडतो. "पैसा दुप्पट दिला तर कुणीही सुधारणा करून दाखवेल" असं म्हणणं सोपं आहे, पण पुरावा त्याच्या विरोधात जातो. टांझानियात ३५० सरकारी शाळांवर झालेला एक मोठा प्रयोग २०१९ मध्ये छापून आला. आयझॅक म्बिटी, कार्तिक मुरलीधरन आणि इतरांचा, आणि गंमत म्हणजे त्यातही रोमेरो आहेत. तिथे काही शाळांना नुसतं अनुदान दिलं, काहींच्या शिक्षकांना मुलांच्या निकालावर बक्षीस ठेवलं, काहींना दोन्ही. नुसत्या अनुदानाने मुलांच्या गुणांवर काही परिणाम झाला नाही. दोन्ही एकत्र दिलं तिथे ठळक फरक पडला. म्हणजे पैसा लागतो, पण पैशामागे कुणीतरी हिशोब विचारणारं असावं लागतं. लायबेरियात संस्थांनी बहुधा हेच केलं असावं. पण 'बहुधा' हा शब्द मला वापरावा लागतोय, कारण तो तिसरा गट नाही.

कारभार म्हणजे काय, यावर केनियाचा प्रयोग जास्त बोलका आहे. केनियात २००३ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झालं आणि वर्ग अक्षरशः ओसंडून वाहू लागले. त्यानंतर पश्चिम केनियात एका स्वयंसेवी संस्थेने कंत्राटी शिक्षक नेमून बघितले. डुफ्लो, पास्कलिन द्युपा आणि मायकल क्रेमर यांच्या अभ्यासात त्याचा चांगला परिणाम दिसला. मग सरकारने हीच कल्पना देशभर नेली, १८,००० कंत्राटी शिक्षक. टेसा बोल्ड, म्वांगी किमेन्यी आणि सहकाऱ्यांनी ही वाढ होत असतानाच प्रयोग लावला. सँडेफर याही निबंधात आहेत. कंत्राट शब्दशः तेच; काही शाळांत ते स्वयंसेवी संस्थेने राबवलं, काहींत सरकारने. संस्थेने नेमलेल्या शिक्षकांमुळे मुलांचे गुण वाढले. सरकारने नेमलेल्यांमुळे वाढ शून्य. शिक्षकांच्या पात्रतेत फारसा फरक नव्हता. फरक होता तो पगार वेळेवर होण्यात, देखरेखीत, आणि कंत्राट खरंच संपणार की पुढे कायम करणार याबद्दलच्या अपेक्षेत. शिक्षक संघटनेने विरोध केला आणि तेच कंत्राट दोन ठिकाणी दोन अर्थांनी वाचलं गेलं.

यावरून 'सरकारला जमत नाही, खासगीला द्या' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. मला त्यातून वेगळी गोष्ट दिसते. एकाच कागदाचे दोन परिणाम होतात, कारण कागद कोण आणि कशासाठी पाळतं हे महत्त्वाचं. लायबेरियाच्या करारालाही हेच लागू होतं.

दुसरी हरकत: शाळेबाहेर जे गेलं

आता मूळ मुद्द्यावर येतो.

सगळ्यात मोठी संस्था ब्रिज. तिचा करार इतरांसारखा स्पर्धेतून आला नव्हता, सरकारशी स्वतंत्रपणे ठरला होता. या कराराने ब्रिजला दोन मुभा दिल्या. एक, वर्गात ठरावीक संख्येपेक्षा जास्त मुलं ठेवायची नाहीत. दोन, नको असलेले शिक्षक परत पाठवायचे. ब्रिजच्या शाळांमधले आधीचे ७४ टक्के शिक्षक हलवले गेले. वर्गमर्यादेमुळे जी मुलं जादा ठरली त्यांना दुसऱ्या सरकारी शाळांची वाट दाखवली गेली.

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांशी संबंध आलेल्या कुणालाही 'अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन' हा शब्द माहीत असतो. एका शाळेतून शिक्षक अतिरिक्त ठरतो तेव्हा तो हवेत विरत नाही, दुसऱ्या शाळेत जातो. लायबेरियातही तेच. सरकारने त्यांना नोकरीवरून काढलं नाही, सरकारी पगार चालू राहिला. म्हणजे जो शिक्षक ब्रिजला आपल्या शाळेत नको होता, तो शेजारच्या गावातल्या मुलांच्या वाट्याला आला. एका शाळेचा कारभार सुधारला, त्यातला काही भाग दुसरीकडे सरकवून सुधारला. ९३ शाळांमध्ये हे खपून जातं. सगळ्या देशाच्या शाळा अशा द्यायच्या ठरल्या तर ते शिक्षक आणि ती मुलं कुठे पाठवणार? तेव्हा 'दुसरी शाळा' उरणारच नाही.

काढून टाकलेल्या मुलांचे गुण निबंधात मोजले आहेत, हे मी वर सांगितलंच. पण तीन गोष्टी त्या पद्धतीतूनही निसटतात. पुढच्या वर्षी पहिलीत यायला निघालेलं आणि 'वर्ग भरला' म्हणून परत पाठवलेलं मूल आधीच्या पटावर नसतं, त्यामुळे ते गुणांच्या हिशोबात नाही. ज्या शाळेत जादा मुलं आणि नाकारलेले शिक्षक गेले त्या शाळेतल्या मुलांचं नुकसान योजनेच्या खात्यावर लिहिलं जात नाही. आणि अशी एखादी शाळा तुलनेच्या गटातली निघाली तर उलटच होतं: तिची सरासरी खाली जाते आणि योजना आहे त्यापेक्षा चांगली दिसते.

अर्थशास्त्रात याला अपूर्ण कराराचा प्रश्न म्हणतात. ऑलिव्हर हार्ट, आंद्रेई श्लायफर आणि रॉबर्ट विश्नी यांनी १९९७ मध्ये खासगी तुरुंगांचं उदाहरण घेऊन तो मांडला होता. करारात सगळं लिहिता येत नाही. जे लिहिलेलं आणि मोजलेलं असतं ते खासगी कंत्राटदार नीट करतो. जे लिहिता येत नाही तिथे खर्च वाचवतो. योगायोग असा की हार्ट यांना कराराच्या सिद्धांतासाठी नोबेल मिळालं ते वर्षही २०१६, लायबेरियाने हे करार केले तेच. लेखक हा सिद्धांत वापरतात. माझी भर एवढीच की ब्रिजच्या बाबतीत करार अपूर्ण नव्हता. मुलं कमी करायची मुभा त्यात होती. म्हणजे प्रवेशाचा हक्क सरकारने स्वतः सही करून सैल केला. हा दोष सिद्धांतातल्या पळवाटेचा नाही, सही करणाऱ्याचा आहे.

जे लिहिलेलं नव्हतं त्याचंही एक उदाहरण आहे आणि ते जास्त अस्वस्थ करणारं आहे. आठ संस्थांपैकी एक मोअर दॅन मी. मन्रोव्हियात तिची स्वतःची शाळा होती. तिथल्या एका कर्मचाऱ्याने मुलींवर केलेल्या लैंगिक अत्याचारांचं प्रकरण २०१४ मध्येच पोलिसांपर्यंत गेलं होतं. त्यानंतर दोन वर्षांनी सरकारने त्याच संस्थेकडे आणखी शाळा सोपवल्या. २०१८ मध्ये प्रोपब्लिकाने सविस्तर वृत्तांत छापल्यावर जगाला ते कळलं. वाचन-गणिताच्या चाचणीत मूल सुरक्षित आहे का, हा प्रश्न नसतो.

तीन वर्षांनी काय उरलं?

रोमेरो आणि सँडेफर यांनी तीन वर्षांनंतरचे निकाल वेगळ्या निबंधात दिले. तो 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये आला. माझ्या मते तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे आणि त्याची चर्चा पहिल्याच्या मानाने अगदी कमी झाली.

एका वर्षात ०.१८. दरवर्षी तेवढीच भर पडली असती तर तीन वर्षांत ०.५४ झालं असतं. प्रत्यक्षात तीन वर्षांनी ०.२. म्हणजे जी काही उडी होती ती पहिल्या वर्षीच, नंतर जवळपास सपाट. "६० टक्के जास्त शिकणं" हे वाक्य एका वर्षाचं होतं, ते दरवर्षीचं असल्यासारखं फिरत राहिलं.

बाकीचे आकडे असे. मुलांना मारण्याचं प्रमाण ५१ टक्के होतं, ते ४.६ टक्के-अंकांनी कमी झालं. हे चांगलंच. लैंगिक शोषणाच्या प्रमाणात घट झाली नाही. आणि गळती वाढली: साध्या शाळांमध्ये १५ टक्के, योजनेत त्याहून ३.३ टक्के-अंक जास्त.

हा शेवटचा आकडा मुलांमध्ये बदलून बघू. १,००० मुलं घ्या. साध्या सरकारी शाळांमध्ये त्यातली १५० शाळा सोडतात. योजनेतल्या शाळांत १८३. तेहतीस मुलं जास्त. आता तराजूच्या एका पारड्यात ०.२ आणि दुसऱ्या पारड्यात ही ३३ मुलं. ०.२ हा फायदा शाळेत टिकलेल्या पुष्कळ मुलांना थोडा थोडा वाटला गेलाय. तोटा ३३ जणांना पूर्ण झालाय. सरासरी काढली की हे दोन्ही एका आकड्यात विरघळतात आणि फायदाच वर तरंगतो. सरासरी हे साधन म्हणून मला प्रिय आहे, पण थोड्यांच्या मोठ्या नुकसानाबद्दल तिला विचारू नये.

संस्थांमध्येही खूप फरक होता. करार आणि परिस्थिती सारखी असून काही संस्थांनी सगळ्या बाजूंनी चांगलं काम केलं, तर काहींनी गुण वाढवताना प्रवेश, सुरक्षितता किंवा खर्च यांपैकी कशाची तरी किंमत मोजली. म्हणजे मुलं बाहेर न ढकलताही शाळा सुधारता येते, याचा पुरावा याच प्रयोगात आहे. 'आठ संस्थांची सरासरी' सांगितली की तो पुरावाही झाकला जातो.

तिसरी हरकत: यादी कुठून सुरू झाली?

लायबेरियात प्राथमिक शाळेचा निव्वळ पट त्या काळात ३८ टक्के होता. हा आकडा जपून वाचावा लागतो. निव्वळ पट म्हणजे प्राथमिकच्या वयाची किती मुलं प्राथमिक वर्गात आहेत. वयाने मोठी होऊनही बालवाडीत बसलेली मुलं लायबेरियात भरपूर आहेत आणि ती यात धरली जात नाहीत. म्हणून उरलेली ६२ टक्के मुलं सगळीच घरी बसलेली आहेत असं समजू नका. तरी शाळेबाहेरच्या मुलांची संख्या मोठी आहे, यात वाद नाही.

आणि आपल्या प्रयोगाची यादी सुरू होते ती शाळेच्या पटापासून. त्यातही योजनेसाठी पात्र ठरलेल्या शाळा रस्त्याच्या जवळच्या, बऱ्या इमारतीच्या, जास्त पटाच्या होत्या. दुर्गम भागातल्या, दोन खोल्यांच्या शाळा मुळात चिठ्ठीच्या डब्यातच नव्हत्या. म्हणजे ज्या शाळा तुलनेने सोप्या आणि जी मुलं आधीच दारात आलेली, त्यांच्यावर हा प्रयोग झाला. ०.१८ हे उत्तर 'अशा शाळेत, अशा मुलांना' या प्रश्नाचं आहे. त्यावरून देशभराच्या शिक्षणाबद्दल बोलणं म्हणजे बसस्टॉपवर उभ्या असलेल्यांना विचारून गावात बसची सोय कशी आहे ते ठरवणं.

मग हा निबंध कसा वाचायचा?

मला हा निबंध आवडतो, हे पुन्हा सांगतो. चिठ्ठी टाकून निवड, मुलांना घरापर्यंत शोधणं, खर्च उघड मांडणं, कुठल्या संस्थेने काय केलं ते नावानिशी सांगणं, आणि तीन वर्षांनी परत जाऊन पहिल्या वर्षाची चमक ओसरल्याचं स्वतःच लिहिणं, हे सगळं या क्षेत्रात सर्रास होत नाही. पहिल्या निबंधाच्या सारांशातल्या शेवटच्या वाक्यात लेखकांनी म्हटलं आहे की काही संस्थांच्या अनपेक्षित आणि कदाचित घातक वागणुकीमुळे एकूण भलं झालं असा दावा करणं अवघड होतं. ते वाक्य पहिलं असायला हवं होतं, ही माझी मुख्य तक्रार. सारांशाचं पहिलं वाक्य मंत्र्यापर्यंत पोचतं, शेवटचं बहुतेक वेळा वाटेतच राहतं.

दुसरी तक्रार मोजणीच्या एककाची. शाळेचा कारभार बदलण्याचा परिणाम शाळेच्या फाटकाआत मोजला तर बाहेर ढकललेलं ओझं दिसत नाही. एकक पंचक्रोशी असायला हवं: त्या परिसरातली शाळेच्या वयाची सगळी मुलं, मग ती कुठल्याही शाळेत असोत किंवा कुठल्याच नसोत. वर्षाच्या सुरुवातीला घरोघर जाऊन यादी करायची, वर्षाच्या शेवटी त्याच यादीतल्या प्रत्येक मुलाबद्दल दोन प्रश्न: शाळेत आहे का, आणि वाचता येतं का. खर्च वाढेल, मान्य. पण मूल शोधत घरापर्यंत जायची तयारी या लेखकांनी दाखवलेलीच आहे, यादी फक्त पटाऐवजी गावापासून सुरू करायची.

तिसरी गोष्ट संशोधकांसाठी नाही, करार करणाऱ्या सरकारांसाठी आहे. संस्थेला पैसे द्यायचेच असतील तर ते गुणांवर किंवा नुसत्या पटावर न देता, सुरुवातीच्या यादीतल्या किती मुलांना शेवटपर्यंत टिकवलं यावर द्यावेत. वर्गमर्यादा घालायची असेल तर जादा मुलांसाठी दुसरा वर्ग आणि दुसरा शिक्षक कोण देणार ते त्याच पानावर लिहावं. शिक्षक परत पाठवायची मुभा द्यायची असेल तर तो कुठल्या शाळेत जाणार आणि तिथल्या मुलांचं काय, हेही लिहावं. यातलं काहीच अवघड गणित नाही. २०१६ मध्ये मन्रोव्हियातल्या कुठल्याही मुख्याध्यापकाला विचारलं असतं तरी त्याने हे सांगितलं असतं.

पुढच्या वेळी कुठल्याही देशातल्या शाळांबद्दल "अमुक योजनेने शिकणं इतक्या टक्क्यांनी वाढलं" असं वाचलंत तर तीन गोष्टी तपासा. टक्केवारी कशावर काढली आहे? तुलनेच्या शाळांना तेवढाच पैसा मिळाला होता का? आणि वर्षाच्या सुरुवातीला यादीत असलेलं प्रत्येक मूल शेवटी कुठे आहे, हे कुणी बघितलं का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा निबंधातच सापडतात. तिसऱ्याचं उत्तर शोधायला लायबेरियात निदान कुणीतरी गेलं, म्हणून आपल्याला त्या ३३ मुलांबद्दल कळलं.